साडेचार एकरांत तीन जमिनी: बागेआधी माती सर्वेक्षण करून घेतलं त्याचा अनुभव

बाग लावायच्या आधी खड्डा खोदून, मातीचा एकेक थर पाहून, जमीन कोणत्या प्रकारात बसते ते लिहून देणारी सेवा आम्ही मे २०२३ मध्ये घेतली. वावर काटोल तालुक्यात, एकाच गटातलं साडेचार एकर. सर्वेक्षणाचे साडेअकरा हजार लागले, खड्डे खोदायची मजुरी चोवीसशे ती वेगळी. तीन पावसाळे जाऊ द्यायचे आणि मगच लिहायचं असं ठरवलं होतं. आता लिहिते. पाचपैकी चार तारे.

आधी काय झालं ते सांगावं लागेल, त्याशिवाय एवढा खर्च कशाला केला ते कळायचं नाही. २००९ मध्ये आम्ही नाल्याकडच्या अडीच एकरांत संत्र्याची २७० कलमं लावली, जंबेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेली. माती तपासूनच लावली होती. नमुना घ्यायला आलेल्या माणसानं चार ठिकाणी वीतभर खोल खुरपं घातलं, पिशवी भरली आणि गेला. कागद आला: सामू (पीएच) ७.८, चुना ८ टक्के, संत्र्यास योग्य. सहा वर्षं बाग डोळ्यांत भरत होती. सातव्या वर्षी नाल्याकडच्या ओळींची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मग बुंध्यातून डिंक. उकरून पाहिलं तर बारीक मुळ्यांची साल बोटांत सुटून येत होती. बोर्डोमलम झाला, औषधं झाली, आळ्यांत चर काढले. २०१८ च्या उन्हाळ्यात जेमतेम ७० झाडं उभी होती. तीही जेसीबीनं काढली. मामाजी (माझे सासरे) त्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहिले, जेवायलाही आले नाहीत.

त्यांना लागलं ते यासाठी की तो तुकडा त्यांच्या लेखी सोनं होता. आमच्याकडे जमिनीची जुनी नावं आहेत: काळी, मोरंड, खरडी, बरडी. इंग्रजांच्या काळातल्या जमीनबंदोबस्तात याच नावांनी प्रती ठरल्या आणि सारा बसला. काळी सगळ्यांत वरची प्रत. मग संत्रं, जे सगळ्यांत जपायचं पीक, ते काळीतच लावायचं, हा हिशेब घरात कुणालाच चुकीचा वाटला नाही. मलाही नाही.

मधल्या काळात मृदा आरोग्य पत्रिकाही काढली होती. ती २०१५ पासून सुरू झाली, त्यात बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. खताचा डोस ठरवायला ती चांगली आहे आणि मी आजही ती वापरते. पण नमुना वरच्या वीतभर मातीचाच. संत्र्याची मुळं तीन-चार फूट जाणार, तिथं काय आहे हे त्या कागदाला विचारून उपयोग नाही.

सर्वेक्षणाला दोघं जण आले, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही मृदाशास्त्र शिकलेली. सकाळी सातला मोटारसायकलवर. मे महिनाच का, असं मी फोनवर विचारलं होतं. "काकू, भेगा उघड्या असताना पाहायचंय," असं मुलगी म्हणाली. पहिले दोन तास त्यांनी नुसतं चालण्यात घालवले. हातात गटाचा नकाशा, कुठं उतार बदलतो, कुठं ढेकळाचा रंग बदलतो, कुठं धसकटं दाट आहेत, खुणा करत करत. मग गिरमिट. लांब दांड्याचं, पिळत पिळत खाली जाणारं. चौदा ठिकाणी ते घातलं आणि निघालेली माती बारदान्यावर ओळीनं मांडली, वरची वर, खालची खाली. चौदा ओळी शेजारी शेजारी पडल्या तेव्हा माझ्याच वावराचं पोट मी पहिल्यांदा पाहिलं. वरच्या धुऱ्याकडची ओळ फूटभरात संपून मुरूम लागला. नाल्याकडची ओळ संपतच नव्हती.

त्यावरून तीन जागा ठरल्या आणि तीन खड्डे झाले: दीड मीटर लांब, मीटरभर रुंद, पाच फूट खोल किंवा मुरूम लागेपर्यंत. जेसीबीनं भिंत घासली जाते म्हणून टिकास-फावड्यानंच खोदून घेतले. आमचा सालदार आणि आणखी दोघं, दीड दिवस.

नाल्याकडच्या खड्ड्यात मुलगी उतरली आणि चाकूच्या टोकानं भिंत वरून खाली कुरतडत आली. कापायची नाही, टोचून उकलायची, म्हणजे ढेकूळ जिथं आपसूक सुटतं तिथं सुटतं. दोन फुटांच्या आसपास एक मोठा तुकडा तिरपा निघाला आणि मागची बाजू उन्हात चमकली. शेणानं सारवून वर दगडानं घोटलेली भिंत असते ना, तशी, आणि त्यावर तिरक्या बारीक रेघा. मी बोट फिरवलं, गुळगुळीत आणि गार. पावसाळ्यात चिकणमाती फुगते, तिला जागा पुरत नाही, मग एक ढेप दुसरीवर घासत तिरपी सरकते. वर्षानुवर्षांच्या त्या घासण्याची ही लकाकी. वरची भेग तिनं पोलादी टेपनं मोजली होती, ६२ सेंटिमीटर खोल. आणि त्याच भेगेच्या रेषेत, ५८ सेंटिमीटरवर, चाकूला काही तरी अडकलं. काळा प्लॅस्टिकचा तुकडा. पुसला तर ड्रिपर! आमच्याच जुन्या बागेतला. खड्डा जुन्या झाडांच्या आळ्यांपासून मुद्दाम दूर घेतला होता, म्हणजे तो तिथं पुरलेला नव्हता. उन्हाळ्यात भेगेत पडला, पावसाळ्यात भेग मिटली, आत गेला. ही जमीन वरचं खाली घेत राहते. जमिनींच्या या प्रकाराला व्हर्टिसॉल म्हणतात, उलटणं या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, आणि ड्रिपर तळहातावर असताना ते नाव मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मग रंग. लहान लहान रंगीत चौकटी चिकटवलेलं मुन्सेल रंगपुस्तक, त्यातल्या भोकामागं ओलं ढेकूळ धरून जुळवायचं. सावलीत नाही आणि गॉगल लावून तर नाहीच. त्यातल्या क्रमांकांनुसार नाल्याकडची माती १० वायआर ३/१, मधली १० वायआर ३/२, धुऱ्याकडची तांबूस. आपण तिन्हीला "काळी" म्हणून मोकळे होतो, निदान मधल्या नि खालच्या मातीला तर नक्कीच. मग ओल्या मातीची अंगठा नि तर्जनीत पट्टी काढून किती लांब टिकते ते पाहिलं. मग सौम्य आम्लाचे थेंब. खालच्या खड्ड्यात साडेतीन फुटांखाली थेंब पडला की सोडा वॉटरसारखा फेस यायचा, म्हणजे तिथं चुना जास्त.

मामाजी, वय ७८, खुर्ची टाकून मधल्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. मूठभर माती मागितली, चुरली, आतले खडे बोटांनी वेगळे केले. "ही मोरंड," म्हणाले. मुलानं विचारलं, "आजोबा, मोरंड कशावरून?" त्यांनी खडे दाखवले. मुलानं ते वहीत लिहून घेतलं आणि अहवालात प्रत्येक खड्ड्यासमोर स्थानिक नावाचा रकाना आला. माझ्या मते ही त्यांच्या कामातली सगळ्यांत चांगली गोष्ट. शिकलेल्यांनी विचारावं आणि लिहून ठेवावं, एवढीच त्या माणसाची अपेक्षा असते.

अहवालात तीन जमिनी निघाल्या. धुऱ्याकडचा पाऊण एकर: ३४ सेंटिमीटर माती, खाली मुरूम, शास्त्रीय नाव टिपिक उस्टॉर्थेंट, आमची बरडी. तिच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मधला पावणेदोन एकर: ९२ सेंटिमीटर माती, चिकणमाती ३८ ते ४२ टक्के, खाली मऊ मुरूम ज्यात मुळी शिरते. नाव व्हर्टिक हॅप्लुस्टेप्ट. हे नाव कसं ठरतं ते विचारलं तेव्हा कळलं की वर्गीकरण म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्या. व्हर्टिसॉलच्या चाळणीत अडकायचं तर ५० सेंटिमीटरपर्यंत चिकणमाती ३० टक्क्यांहून कमी नको, भेगा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या हव्यात, आणि मीटरभराच्या आत त्या लकाकीचा थर किमान २५ सेंटिमीटर जाड हवा. मधल्या खड्ड्यात तो १६ भरला. म्हणून ती जमीन पुढच्या चाळणीत गेली, आणि "व्हर्टिक" हे विशेषण तेवढं सोबत राहिलं.

नाल्याकडचे दोन एकर: दीड मीटरच्या खालीही मातीच, चिकणमाती ५८ ते ६४ टक्के, वरच्या दोन फुटांत चुना ७ ते ९ टक्के आणि १०५ सेंटिमीटरखाली १८. नाव कॅल्सिक हॅप्लस्टर्ट. संत्र्याला चुना १० टक्क्यांच्या आत हवा आणि पाणी मुळाशी थांबायला नको. २००८ चा कागद खोटा नव्हता, वरच्या वीतभराचं त्यानं बरोबर सांगितलं होतं. झाडांची मुळं खाली गेली आणि तिथं पावसाळाभर तुंबलेलं पाणी आणि चुना दोन्ही भेटले. आम्ही शेवटची दोन-तीन वर्षं खतं बदलली, कीटकनाशकं बदलली, एकमेकांना दोष दिला. मी यांना, हे सालदाराला. खड्डा एक दिवसात खोदून होतो.

निचऱ्याची चाचणी त्यांच्या दरात नव्हती, ती असायला हवी होती. आम्ही आपली साधी करून पाहिली: दोन्ही खड्ड्यांत टँकरचं सारखंच पाणी सोडलं. मधल्या खड्ड्यातलं दुसऱ्या सकाळी मुरमात मुरलं होतं. खालच्यात पाचव्या दिवशीही घोटाभर उभं होतं.

आता तक्रारी. अहवाल पंधरा दिवसांत देतो म्हणाले, सत्तावीस लागले, आणि कलमांचं बुकिंग तोवर लटकलं. अहवाल बावीस पानांचा, सगळा इंग्रजीत. मी बारावी शिकलेली आहे, तरी थरांची नावं आणि प्रयोगशाळेची कोष्टकं मला लागेनात. फोन केला तर दुसऱ्या आठवड्यात मुलगी परत आली, चार पानं मराठीत लिहून दिली आणि ओसरीवर बसून वाचून दाखवली. चांगुलपणा तिचा, पण ती चार पानं पहिल्याच दिवशी हवीत. तिसरी तक्रार मोठी. खड्डे पहिल्या रात्री उघडे राहिले, ना दोरी ना काट्या, आणि शेजाऱ्यांची शेळी धुऱ्याकडच्या खड्ड्यात पडली. फूटभराचाच होता म्हणून वाचली, नाल्याकडच्या पाच फुटांत लेकरू पडलं असतं तर? झाकायचं काम कुणाचं हे आधी बोलूनच घ्या. कापलेला तारा याचा आहे.

एक गोष्ट मात्र त्यांनी प्रामाणिकपणे लिहिली. चिकणमाती कोणत्या खनिजाची हे आमच्या नमुन्यात क्ष-किरणांनी तपासलेलं नाही, नागपूर जिल्ह्यातल्या लिंगा इथल्या अभ्यासलेल्या मातीवरून धरलेलं आहे. असं सांगणारा माणूस बाकीचे आकडेही खरेच देत असेल, असं मला वाटतं.

सरकारी नकाशा असताना हे कशाला, असं गावात दोघांनी विचारलं. १९७६ मध्ये सुरू झालेला राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो आपल्या नागपुरातच आहे, आणि महाराष्ट्राचा माती नकाशा त्यांनी केलेला आहे, फार मोलाचा. पण तो १:२,५०,००० प्रमाणाचा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर. आमचे साडेचार एकर त्यावर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका होतील. तीन जमिनी त्या ठिपक्यात दिसायच्या नाहीत.

आम्ही ऑगस्ट २०२३ मध्ये मधल्या पट्ट्यातच संत्रं लावलं, १९० कलमं, रंगपूर लिंबाच्या खुंटावर, गादीवाफ्यावर. बरडीवर सीताफळ. नाल्याकडच्या काळीत पराटी (कपाशी) नि तूर, आणि रब्बीत एका पाण्यावर हरभरा येतो, कारण ती जमीन ओल धरून ठेवते. मामाजींचं सोनं त्यांच्या पिकाला सोनंच आहे. संत्र्याची आजवर सहा कलमं गेली, चार वाणी किड्यानं आणि दोन रानडुकरांनी. डिंक अजून एकाही बुंध्यावर नाही. फळ धरलेलं नाही, बहरासाठी पाणी तोडून ताणही दिलेला नाही, तेव्हा उत्पन्नाबद्दल आत्ता काही सांगता येत नाही.

घ्यायची असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या. उतार जिथं बदलतो तिथं प्रत्येकी एक खड्डा मागा, वावर सारखं दिसत असलं तरी. पाच फूट किंवा मुरूम, जे आधी लागेल ते, असं कागदावर लिहून घ्या. आमच्या खालच्या खड्ड्यात तीन फुटांवर थांबले असते तर १८ टक्क्यांचा थर अर्धा फूट खालीच राहिला असता. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खड्ड्यापाशी खुर्ची द्या.