गुडघा बदलताना भीतीचं काय करायचं: रात्रीची गोळी, टेबलावरची गुंगी की जागेपणी?

गुडघा बदलायची तारीख ठरली की घरात खर्चाची चर्चा होते, रजेची होते, फिजिओथेरपीला कोण नेणार याची होते. भीतीची होत नाही. ती फिटनेसच्या, म्हणजे ऑपरेशनआधीच्या तपासणीच्या, दिवशी उठता उठता बाहेर येते: "डॉक्टर, मला काही कळणार नाही ना?" भूलतज्ज्ञ म्हणून हा प्रश्न मला खुर्चीत बसून विचारलेला हवा असतो, कारण त्याला एकच उत्तर नाही.

आधी एवढं ठरवा की तुमची भीती नेमकी कुठल्या वेळेची आहे. आदल्या रात्री झोप लागणार नाही याची? ओटीबाहेर, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेर, स्ट्रेचरवर वाट बघण्याची? पाठीतल्या सुईची? की हाडावर चालणाऱ्या करवतीच्या आवाजाची? उपाय त्या वेळेप्रमाणे बदलतो. बहुतेक लोक सगळ्याला मिळून एक गोळी मागतात आणि तिथेच निवड चुकते.

रात्रीच्या गोळीपासून सुरुवात करू. अल्प्राझोलाम ही चिंता कमी करून झोप आणणारी गोळी, 0.25 किंवा 0.5 मिलिग्रॅम, ही आपल्याकडची जुनी सवय. चाळिशी-पन्नाशीतल्या, एरवी तब्येत चांगली असलेल्या माणसाची रात्र तिने बरी जाते, आणि तेवढ्यासाठी ती ठीक आहे. पण सकाळी ओटीत जाण्याआधी अशीच गोळी घेतली तर? फ्रान्समध्ये सत्तरीच्या आतल्या 1062 रुग्णांवर याचा अभ्यास झाला, 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण भुलीच्या ऑपरेशनआधी काहींना लोराझेपाम (अल्प्राझोलामच्याच जातीचं औषध) दिलं, काहींना खोटी गोळी, काहींना काहीच नाही. रुग्णांच्या समाधानात फरक पडला नाही. उलट लोराझेपामवाल्यांच्या घशातली श्वासाची नळी ऑपरेशननंतर काढायला सरासरी 17 मिनिटं लागली, काहीच न घेतलेल्यांना 12.

पासष्टी ओलांडलेल्यांना मी ही गोळी शक्यतो देत नाही. रात्री अनोळखी खोलीत, गुंगीत, दुखऱ्या गुडघ्याने बाथरूमकडे निघालेली आजी पडली तर ऑपरेशन राहतं बाजूला. या वयात अशा औषधांनी गोंधळ उडतो, माणूस बरळायला लागतो. अमेरिकेच्या वृद्धचिकित्सा संघटनेच्या यादीतही ही औषधं ज्येष्ठांसाठी टाळावीत असंच आहे. मात्र कुणी वर्षानुवर्षं रोज झोपेची गोळी घेत असेल, तर ऑपरेशन आलं म्हणून ती परस्पर बंद करू नये. अचानक सोडण्याचा त्रास वेगळा आणि जास्त वाईट असतो. आम्हाला सांगा, ती चालू ठेवायची व्यवस्था आम्ही करतो.

टेबलावरच्या गुंगीचं गणित निराळं. गुडघ्याला बहुधा पाठीतून भूल देतात: टेबलावर बसवतात, उशी कवटाळायला देतात, हनुवटी छातीला टेकवून पाठ बाहेर काढायला सांगतात. सुईचीच धास्ती असेल तर तेव्हाच शिरेतून मिडाझोलाम हे गुंगीचं औषध एखादा मिलिग्रॅम देता येतं. दोन-तीन मिनिटांत खांदे सैल पडतात, आणि पुढचं बरंचसं आठवतही नाही. डोस थोडाथोडा देता येतो, भूलतज्ज्ञ डोक्याशी उभा असतो, उतारा हाताशी असतो. गोळी एकदा गिळली की तिच्यावर असा ताबा राहत नाही.

भूल चढल्यावर पुढच्या दीड-दोन तासांसाठी प्रोपोफॉल किंवा डेक्समेडेटोमिडीन ही गुंगीची औषधं शिरेतून हळूहळू सोडतात. प्रोपोफॉलने झोप छान लागते आणि बंद केल्यावर लवकर उतरते, पण डोस वाढला तर श्वास मंदावतो. डेक्समेडेटोमिडीनमध्ये माणूस पेंगतो, हाक मारली की डोळे उघडतो, श्वासही बहुतेक शाबूत राहतो. पण नाडी आणि बीपी खाली येतात. नाडी मुळातच मंद असेल किंवा हृदयाचा ब्लॉक (रक्तवाहिनीतला नव्हे, ठोक्याचा विद्युत संदेश अडण्याचा) असेल तर ते नको.

जोरात घोरणाऱ्यांनी इथे लक्ष द्यावं. गुडघ्याच्या रुग्णांत वजन जास्त असलेले बरेच असतात, आणि त्यांच्यात झोपेत श्वास अडकण्याचा त्रासही जास्त आढळतो. "हे रात्री घोरता घोरता मधेच थांबतात" ही गोष्ट बायकोला माहीत असते, फाइलमध्ये नसते. अशांना गुंगी अगदी बेताची किंवा मुळीच नाही. सीपॅप मशीन (झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं यंत्र) असेल तर सोबत आणा.

मग जागेपणी? वाटतं त्यापेक्षा हे पुष्कळांना झेपतं, पण आधी माहीत हवं. दुखत नाही. पाय ओढल्या-ढकलल्यासारखा हलतो. करवत ऐकू येते, आणि हातोडीचे ठोके तर कमरेपर्यंत हादरे देतात. ज्याला आधी सांगितलेलं असतं तो ते ऐकून घेतो. ज्याला सांगितलेलं नसतं तो घाबरून उठू बघतो. हेडफोनचा उपयोग होतो. नसेची भूल, म्हणजे ठरावीक नसेजवळ सुई देऊन तेवढाच भाग बधिर करणं, देण्याआधी मिडाझोलाम आणि संगीत यांची तुलना 157 जणांवर झाली, 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. चिंता दोन्हींनी जवळपास सारखीच कमी झाली. समाधान मात्र मिडाझोलामवाल्यांचं जास्त होतं, आणि हेडफोनमुळे डॉक्टरांशी बोलणं अवघड गेलं. म्हणून एक कान मोकळा ठेवायला मी सांगते.

"त्यापेक्षा पूर्ण भूलच द्या," असंही लोक म्हणतात. आणि घरचे घाबरतात, पूर्ण भुलीने म्हातारपणी डोकं कामातून जाईल म्हणून. 2021 मध्ये खुब्याचं हाड मोडलेल्या 1600 लोकांवरचा अमेरिका-कॅनडातला अभ्यास आला. ऑपरेशननंतर बरळण्याचं प्रमाण पाठीतल्या भुलीत 20.5 टक्के, पूर्ण भुलीत 19.7. म्हणजे फरक नाहीच. गुडघ्याचं ठरलेलं ऑपरेशन आणि मोडलेला खुबा एकसारखे नाहीत, पण केवळ या भीतीपोटी पूर्ण भूल नाकारू नका. ज्याला आवाजाची कल्पनाही सहन होत नाही त्याच्यासाठी ती रास्त निवड आहे.

या सगळ्याच्या आधीचा उपाय म्हणजे आमच्याशी बोलणं. 1963 मध्येच अमेरिकेत दिसून आलं होतं की भूलतज्ज्ञ आधी भेटून गेले तर रुग्ण शांत असतात, नुसत्या पेंटोबार्बिटल या झोपेच्या औषधाने पेंगतात पण शांत होत नाहीत. माझा कल स्पष्ट आहे. पासष्टीच्या वर असाल तर गोळी नको, भेट घ्या आणि टेबलावर बेताची गुंगी मागा. त्याखाली असाल आणि रात्रच छळत असेल, तर रात्रीपुरती गोळी मागायला हरकत नाही.

सकाळचा नंबर आहे की दुपारचा तेही विचारून घ्या. दुधाशिवायचा चहा किंवा पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं, मधुमेह किंवा पोटाचा त्रास असेल तर आम्हाला विचारून. घसा कोरडा पडून सहा तास वाट बघणारा माणूस जास्त घाबरतो. संमतीपत्र गुंगीच्या आधी वाचून सही करा. चष्मा आणि कानातलं मशीन आदल्या रात्री घरच्यांकडे देऊन टाकू नका. ओटीच्या दारापर्यंत राहू द्या, आणि शुद्धीवर आल्याबरोबर परत मागा.