इंदूर–मुंबई : डावी खिडकी की उजवी?

इंदूरहून मुंबईला विमान नैऋत्येकडे जातं. म्हणजे डावी खिडकी (ए) आग्नेयेला तोंड करून, उजवी (एफ) वायव्येला. सगळं गणित इथूनच.

माझं मत डावीकडे झुकतं. उड्डाण झालं की थोड्याच वेळात नर्मदा येते. सरळ मार्ग असेल तर महेश्वर डावीकडेच राहतं. घाट काही ओळखू येत नाहीत, पण पात्राचं वळण दिसतं. आमची मावशी दरवेळी काचेला नाक लावून तिथे हात जोडते. उजवीकडे बडवानीच्या बाजूला सरदार सरोवराचं फुगलेलं पाणी. पसरट, पावसाळ्यानंतर गढूळ.

पुढे तापी दोन्हीकडून सारखीच. मग नाशिकच्या आसपासचे सह्याद्रीचे सपाट माथ्याचे डोंगर. सप्टेंबरात ते हिरवेगार असतात. जुलैत मात्र नुसते ढग बघायचे.

मुंबईत पूर्वेकडून उतरलं तर डावीकडे ठाण्याची खाडी, उजवीकडे पवई आणि विहार तलाव. इथे उजवी बाजू भाव खाऊन जाते.

पण सकाळचं विमान असेल तर डावीकडे ऊन थेट डोळ्यांत. तेव्हा निमूट एफ घ्या. संध्याकाळी उलट.

आणि पंखावरची रांग टाळा. शिवाय रांगेला खिडकी खरंच आहे ना, तेही बघून घ्या. एकदा जादा पैसे मोजून घेतलेल्या ‘खिडकी’शेजारी नुसती कोरी भिंत निघाली, तासभर तिच्याकडेच बघत पोह्यांचा डबा संपवला.