हीट पंप आणि किचन चिमणी: कडाक्याच्या थंडीत दोन्ही वापरल्यावर

आमच्याकडे पारा शून्याच्या बराच खाली जातो. घर गरम ठेवायला भिंतीवरचा, डक्ट (खोल्याखोल्यांत हवा नेणारे पाइप) नसलेला हीट पंप घेतला आणि त्याच सुमारास शेगडीवर धूर थेट बाहेर सोडणारी चिमणी बसवली. हीट पंपवाल्याने चिमणीचा विषय काढला नाही, चिमणीवाल्याने हीट पंपाचा. वापरायला लागल्यावर मात्र माझं मत पक्कं झालंय, की या दोन्ही गोष्टी एकत्रच निवडायला हव्यात.

हीट पंप मला मनापासून आवडला. बाहेरच्या गारठलेल्या हवेतही उष्णता असतेच, ती ओढून हे यंत्र घरात आणतं. सौम्य थंडीत एक युनिट विजेवर तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळते. उणे 15 अंशांच्या आसपास हा हिशोब दोनच्या जवळ येतो, तरीही कॉइलच्या हीटरपेक्षा तो सरसच, कारण कॉइलमध्ये एकाला एकच मिळतं. पण खोक्यावर ठळक छापलेली क्षमता साधारण 7-8 अंश तापमानाला मोजलेली असते. आपल्याला खरी गरज असते उणे 15, उणे 20 ला, आणि तेव्हा पुष्कळ मॉडेलांची ताकद चांगलीच उतरते. थंड हवामानासाठी बनवलेल्या मॉडेलांच्या माहितीपत्रकात हे आकडे वेगळे दिलेले असतात. ते मागून घ्या. विकणाऱ्याला सांगता येत नसेल तर मी तरी तिथून घेणार नाही.

थंडी शून्याच्या जवळ आणि हवा दमट असली की बाहेरच्या युनिटवर बर्फाचा थर धरतो. तो वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं, घरातला पंखा थांबतो आणि बाहेर वाफेचा लोट उठतो. सासूबाईंनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "अगं, जळतंय की काय तिकडे?" म्हणून हाक मारली होती. हा बिघाड नव्हे, पण घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवावं. बाहेरचं युनिट जमिनीवर न ठेवता बर्फाचा थर पोचणार नाही इतक्या उंच स्टँडवर घ्या, आणि वितळलेलं पाणी पायवाटेवर जाऊन गोठणार नाही हे बघा. तळाच्या ट्रेला हीटर असलेलं मॉडेल मिळालं तर उत्तमच.

एक उणीव आहे. दार लावलेल्या खोलीत या एका युनिटची ऊब पोचत नाही. झोपायच्या खोलीसाठी वेगळी सोय लागते. आणि रात्री तापमान फार उतरवून सकाळी एकदम चढवण्यापेक्षा दिवसरात्र जवळपास एकसारखं ठेवलेलं या यंत्राला मानवतं. उन्हाळ्यात हेच युनिट गारवा देतं आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

आता चिमणी. इथे एक हिशोब मांडते, कारण तो कुणी सांगत नाही. एक घनमीटर हवा एक अंशाने तापवायला साधारण 0.34 वॉट-तास उष्णता लागते. चिमणी ताशी 300 घनमीटर हवा बाहेर टाकत असेल, आत 20 अंश आणि बाहेर उणे 15 असेल, तर तेवढा वेळ साडेतीन किलोवॅट उष्णता त्या पाइपातून बाहेर चाललेली असते. ताशी 600 घनमीटरला सात किलोवॅट! एका खोलीच्या हीट पंपाची सगळी ताकद त्यातच संपते. म्हणून "जास्त खेचणारी चिमणी चांगली" हा सल्ला थंड प्रदेशात मला पटत नाही. कमी वेगावर जास्तीत जास्त धूर पकडेल ती चिमणी चांगली. त्यासाठी तिची रुंदी शेगडीपेक्षा कमी नको आणि ती पुढच्या बर्नरवरही आलेली हवी. धुराचं काम मागच्या बर्नरवर करा, तिथला धूर चिमणी सहज पकडते.

तसं असलं तरी चिमणी बंद ठेवून स्वयंपाक करू नका, हे मी कळकळीने सांगते. तळताना, भाजताना उठणारे सूक्ष्म कण छातीत जातात. गॅस असेल तर नायट्रोजन डायऑक्साइडही असतो. इंडक्शनवर गॅसच्या जळण्याचा प्रश्न मिटतो, तळणाच्या धुराचा नाही. कोळशाच्या फिल्टरमधून हवा परत घरातच सोडणारी चिमणी ऊब राखते, पण वाफ काढत नाही. ती वाफ गार काचांवर पाणी होऊन बसते आणि चौकटीला बुरशी धरते.

बाहेर गेलेल्या हवेच्या जागी तेवढीच हवा आत यावी लागते. घट्ट बांधलेल्या घरात तिला वाट नसली की चिमणी नुसती आवाज करते. घरात धुराडं किंवा स्वतःच्या वेगळ्या नळीतून धूर बाहेर सोडणारा गॅसचा गीझर असेल तर त्याचा धूर उलटा घरात ओढला जाऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याचा अलार्म लावाच. आम्ही चिमणी चालू असताना स्वयंपाकघराची खिडकी बोटभर उघडतो. उष्णता परत मिळवणारं वायुवीजन यंत्र असेल तर चिमणीचा पाइप त्याला जोडू देऊ नका, तेलकटपणाने ते तुंबतं.

पाइप गुळगुळीत पत्र्याचा, आखूड, कमी वळणांचा आणि गार भागातून जाताना वरून इन्सुलेशन केलेला हवा, नाहीतर आत पाणी धरतं. तोंडाशी घट्ट मिटणारी झडप हवीच. आमच्या आधीच्या घरात ती सैल होती आणि चिमणी बंद असली तरी शेगडीवर गार वारा उतरायचा.

आणि जागा ठरवताना हीट पंपाचा झोत शेगडीवर येणार नाही असं बघा. वर चढणारा धूर त्या झोताने बाजूला ढकलला जातो, चिमणीपर्यंत पोचतच नाही, आणि तोच तेलकटपणा हीट पंपाच्या जाळीवर जाऊन चिकटतो. आमचं इनडोअर युनिट म्हणूनच बैठकीच्या लांबच्या भिंतीवर आहे. तिथून स्वयंपाकघरात ऊब येते, वारा येत नाही.