वायफायचं नावच यादीतून गायब व्हायचं

फोंड्याजवळ कवळ्याला आमचं घर आहे. जुनं, चिऱ्याच्या जाड भिंतींचं, मधे राजांगण. फायबरची पेटी पुढच्या सोप्यात आणि मुलगा बसतो स्वयंपाकघरामागच्या खोलीत. नोकरी पुण्याची, काम इथून. चिऱ्यातून वायफाय काही मागपर्यंत पोचेना, म्हणून मे महिन्यात एका नेटवर्कवाल्याला बोलावलं. त्याने माळ्यावरून चाळीस मीटर तार ओढली, मागे अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, लावला, साडेचौदा हजार घेतले. 'प्युअर कॉपर कॅट-सिक्स', म्हणजे शुद्ध तांब्याची, कॅट-सिक्स प्रतीची नेटवर्कची तार, असं त्याने स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं. त्याला बिल म्हणायचं तर म्हणा. त्यावर जीएसटी क्रमांक नव्हता, आणि तेव्हा ते माझ्या डोळ्यांना दिसलं नाही.

महिनाभर सगळं छान चाललं. मिरग लागला आणि रडगाणं सुरू झालं. दिवसातून चार-पाच वेळा वायफाय जायचं, दोन-तीन मिनिटांनी आपोआप यायचं. मुलाची मीटिंग चालू असली की हमखास.

तो यायचा, 'कांयच भिवपाची गरज ना' म्हणायचा, लॅपटॉप उघडून काहीतरी खटपट करायचा आणि पाचशे रुपये घेऊन जायचा. दर वेळी कारण नवं. आधी म्हणाला, शेजाऱ्यांचं वायफाय आपल्याच चॅनेलवर आहे. मग म्हणाला, घरात मोबाइल फार झालेत. तिसऱ्या वेळी तर दाबोळी विमानतळाचं रडार! यातलं एकही कारण धादांत खोटं नाही, म्हणून तर आम्ही माना डोलावत राहिलो. वायफाय 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर, म्हणजे बँडवर चालतं, आणि प्रत्येक बँडमधल्या वाटा म्हणजे चॅनेल. 2.4 गिगाहर्ट्झवर 1, 6 आणि 11 असे जेमतेम तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा गर्दी होतेच. 5 गिगाहर्ट्झच्या काही चॅनेलवर रडारची चाहूल लागली की यंत्राने तो चॅनेल सोडायचा, असंही असतं. माणसाला विषय येत होता. अडाण्याने फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं.

शेवटी म्हणाला, मागच्या यंत्राचा पीसच खराब आहे, बदलून मोठा घ्या. जुना घेऊन गेला, वर 6,200 रुपये घेतले. यंत्राच्या सेटिंगचा पासवर्ड मागितला तर म्हणे, 'मॅडम, पासवर्ड दिला की वॉरंटी जाते.' मी बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण या वाक्यावर एक प्रश्न विचारायचं मला सुचलं नाही.

चतुर्थीला भाचा आला. मी माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीची, फळं बांधत होते, तेवढ्यात वायफाय गेलं. त्याने मोबाइल पुढे धरला. 'मावशी, हे बघ. नेट गेलेलं नाही, वायफायचं नावच यादीतून गेलंय. दोन्ही बँडची नावं एकदम.' चॅनेलची गर्दी असली तर वेग मंदावतो, पण नाव यादीत राहतं. रडारमुळे गेलं असतं तर 5 गिगाहर्ट्झचं एकटंच जायला हवं, 2.4 ला तो नियमच नाही. दोन्ही एकदम गेली म्हणजे यंत्र बंद पडून पुन्हा सुरू होतंय.

त्याने यंत्राचं रीसेटचं बटण दाबून धरलं, सगळं नव्याने बसवलं, पासवर्ड माझ्या वहीत लिहून दिला. कोणतीही वॉरंटी गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राच्या सेटिंगमध्ये जाऊन 'अपटाइम' बघितला. म्हणजे यंत्र किती वेळ सलग चालू आहे त्याचा हिशेब. रात्रभर चालू असायला हवं होतं, तिथे 11 मिनिटं! पहिल्याच भेटीत हा आकडा त्या माणसाने पाहिला असणार. पासवर्ड कशासाठी दाबून ठेवला होता ते तेव्हा कळलं.

अशा अ‍ॅक्सेस पॉइंटला वीज त्याच तारेतून जाते. भाच्याने मीटर लावला: सोप्यातल्या अडॅप्टरपाशी 24 व्होल्ट, मागे यंत्र चालू असताना 17. मग माळ्यावर चढला. मध्यावर, नळ्यांच्या कौलांखाली, तार जोडलेली होती. नुसते पीळ देऊन वर काळी टेप. टेप ओली, आत पांढरी भुकटी. त्याने तारेची एक कांडी सुरीने खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आतून चंदेरी निघाली. तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. ते वीज तांब्याइतकी सहज वाहू देत नाही, आणि उघड्या जोडावर ओल लागली की गंजून अडथळा आणखी वाढतो. मीटिंगमध्ये यंत्र जास्त वीज ओढणार, तेव्हाच व्होल्टेज खाली बसणार. कॅट-सिक्सच्या मानकात तार तांब्याचीच लागते, मुलाम्याची चालत नाही.

'नव्या' पीसचा नंबर खोक्यावर एक, यंत्राखाली दुसरा. कुणाचा तरी वापरलेला माल. आमचा चांगला पीस आता कुणाच्या घरी 'नवा' म्हणून लागलाय, देव जाणे.

सलग, अखंड तांब्याची तार घातली. तेव्हापासून अपटाइम दिवसांत मोजतोय.

त्याला फोन केला तर आधी उडवाउडवी, मग फोनच उचलेना. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी बिल मागितलं, आणि तो 'प्युअर कॉपर'चा कागद तिथेच कामाला आला. दुसऱ्याच आठवड्यात तो तारेचे पैसे देऊन गेला. 6,200 आणि पाचशे-पाचशेच्या फेऱ्यांचे अजून यायचेत. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, म्हणून कागद, खोकं आणि खरवडलेला तुकडा एका पिशवीत घालून कपाटात ठेवलंय.

परवा खालच्या वाड्यावर त्याची स्कूटर उभी दिसली, मागे तारेचं वेटोळं बांधलेलं. हातातलं काम टाकलं, सुरी पदराआड घेतली आणि तशीच त्या घरी गेले.