होम असिस्टंट, नऊ महिने वापरून: मोटर, कूलर, गिझर अन् लातूरची लाईट

होम असिस्टंट म्हणजे घरातले स्विच, मोटर, गिझर मोबाईलवरनं चालवायचं सॉफ्टवेअर. मार्चमध्ये बसवलं, आता डिसेंबर चालूय, म्हणून म्हणलं आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं वा वा झालं असतं अन् मे मध्ये लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या.

आधी काय होतं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच एका दुकानातनं हब, म्हणजे घरातले स्विच मोबाईलला जोडणारा डबा, घेतलता, दुकानाचं अन् कंपनीचं नाव घेत नाही, पांढरा डबा, सोबत चार स्विच मॉड्यूल अन् एक आयआर ब्लास्टर (रिमोटसारखा सिग्नल सोडणारा डबा), फिटिंग धरून. हॉलपासून जिन्याखालच्या मोटरपर्यंत अंतर वीस फूट, पण मोबाईलवर बटण दाबलं की निरोप आधी कंपनीच्या सर्व्हरला जाणार, तिथून परत आमच्या राऊटरला, मग मॉड्यूलला. नेट असलं तर दोन सेकंद, नेट गेलं की घरातल्या घरात मुकं.

तेवढं पण चालवून घेतलं असतं. पण गेल्या जानेवारीत उदगीरला लग्नाला गेलतो, रात्री मोबाईलवरनं मोटर ऑफ केली, ॲपमध्ये ऑफ दिसलं, आपण निवांत जेवायला बसलो. मोटर काय बंद झालीच नव्हती. हौद रिकामा होऊन रात्रभर कोरडी फिरली, सकाळी अण्णांना जिन्याखालनं जळाल्याचा वास आला. वाइंडिंग गेलं. मिस्त्रीनं मॉड्यूल उघडून दाखवलं, आतल्या रिलेचे, म्हणजे करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या छोट्या स्विचचे, दोन्ही पॉइंट एकमेकाला वेल्डिंग केल्यासारखे चिकटलेले. मोटर एक एचपीची, चालताना पाचेक अँपिअर घेती पण सुरू व्हायच्या क्षणाला त्याच्या पाचसहा पट करंट ओढती, अन् फिटिंगवाल्यानं ती डायरेक्ट दहा अँपिअरच्या मॉड्यूलवर टाकून दिलती. मधी काँटॅक्टर (मोठा करंट पेलणारा स्विच) नाही काही नाही. म्हणजे ॲपनं खोटं बोललं असं पण नाही बघा, त्यानं रिलेला ऑफ सांगितलं, रिलेनं ऑफ झालो म्हणून सांगितलं, फक्त मोटरला कुणी विचारलंच नाही.

लातूरकराला पाण्याचं मी काय सांगायचं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव आहे हे, पहिल्या खेपेला दहा वाघिणीत पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत अजून पण नळ आला की लोक झोपेतनं उठतात. तिथं मोटर जळाली म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच कळतंय.

तर नवीन मांडणी. होम असिस्टंट हे फुकटातलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, २०१३ ला पाऊलस शाउटसेन नावाच्या माणसानं सुरू केलं, आता त्यामागं फाउंडेशन आहे. मुख्य गोष्ट म्हणजे ते आपल्याच घरातल्या कॉम्प्युटरवर चालतं, बाहेरच्या सर्व्हरचा संबंध नाही. मी जुना मिनी पीसी घेतला साडेसहा हजाराला, रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या कॉम्प्युटरवर पण चालतंय पण आमच्याकडं लाईट जशी जाती तशी मेमरी कार्डाची वाट लागायला वेळ लागत नाही, म्हणून एसएसडीवालं मशीनच घेतलं. झिगबीचा (सेन्सर-प्लगशी वायफायऐवजी बोलायची बिनतारी पद्धत) यूएसबी डोंगल बावीसशे. इन्स्टॉल करायला पाऊण तास लागला. बायको म्हणली झालं का एवढंच. मला पण तसंच वाटलं.

खरी कसरत पुढं, घरातली एकेक वस्तू ह्या डब्याशी बोलायला लावणं. ह्यात मी काय काय शिकलो ते जरा लांबण लावून सांगतो कारण दुकानात हे कुणी सांगत नाही.

वायफायचे स्विच एमक्यूटीटी नावाच्या निरोप द्यायच्या पद्धतीवर घेतले. नाव ऐकून घाबरू नका, ग्रामपंचायतीच्या बाहेरच्या फळ्यासारखं आहे ते. मोटर आपल्या नावाच्या फळ्यावर लिहिती 'चालू', ज्याला पाहिजे त्यानं वाचावं, मोटरला कुणाकुणाला सांगत फिरायची गरज नाही. १९९९ ला तेलाच्या पाइपलाइनवर लांबून लक्ष ठेवायला काढलेली पद्धत, सॅटेलाइटचं महाग कनेक्शन परवडावं म्हणून निरोप एकदम छोटे. त्यात एक लई भारी गोष्ट आहे, लास्ट विल म्हणतात, म्हणजे मृत्युपत्रच. स्विच जोडला जातानाच सांगून ठेवतो की मी अचानक गप झालो तर माझ्या फळ्यावर 'ऑफलाइन' लिहा. जुन्या डब्यात मेलेला स्विच पण दोन दोन दिवस चालू दिसायचा, इथं मिनिटा दीड मिनिटात कळतंय. अन् वायफायचे हे स्विच बहुतेक सगळे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, राऊटरला २.४ अन् ५ एकाच नावानं असतील तर पेअरिंगला (स्विच पहिल्यांदा जोडायला) तासभर डोकं फोडून घ्याल, पेअरिंगपुरतं ५ बंद करा, झालं.

दाराचे, टेंपरेचरचे सेन्सर झिगबीवर आहेत कारण बटन सेलवर वर्ष वर्ष चालतात. झिगबीत लाईटीवर चालणारं प्रत्येक प्लग दुसऱ्याचा निरोप पुढं ढकलतं, सेलवालं नाही ढकलत. आमची स्लॅब जाड, वरच्या खोलीतला सेन्सर लागतच नव्हता, जिन्यात एक प्लग लावलं अन् काम झालं. मी स्वतः केलेला येडेपणा म्हणजे डोंगल सरळ पीसीच्या निळ्या यूएसबीत खुपसला. निळा म्हणजे यूएसबी ३, त्याचा आवाज नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास असतोय अन् झिगबी पण तिथंच. चार दिवस सेन्सर येतात जातात येतात जातात, मला वाटलं मालच डुप्लिकेट आला. शेवटी शंभर रुपयाच्या एक्स्टेन्शन केबलनं डोंगल मीटरभर लांब नेला, काळ्या पोर्टात लावला, गप गुमान चालायला लागलं. झिगबीचं चॅनेल पण ११ वरनं २५ वर नेलं, तिथं शेजारपाजारच्या वायफायचा गोंगाट कमी, पण चॅनेल बदललं की काही सेन्सर परत पेअर करावे लागतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा.

मोटरचं काम मात्र मिस्त्रीकडनंच करून घेतलं. आता रिले फक्त काँटॅक्टरची कॉइल ओढतो, मोटरचा लोड काँटॅक्टरवर, अन् फेजच्या वायरीला सीटी क्लॅम्पवालं, म्हणजे वायरीभोवती बसून करंट मोजणारं, मीटर अडकवलंय. म्हणजे आता मोटरला विचारणारं कुणीतरी आहे. पाणी असताना आमची मोटर हजार साडेदहाशे वॅट घेती, कोरडी पडली की सहाशेच्या घरात येती. इथं एक सांगतो, अँपिअर बघू नका वॅट बघा, सिंगल फेज मोटर रिकामी फिरली तरी अँपिअर म्हणावे तेवढे उतरत नाहीत, वॅट मात्र सरळ खाली येतात. साडेसातशेच्या खाली वीस सेकंद राहिली की मोटर बंद अन् मोबाईलवर 'हौद रिकामा'. अन् उलटं पण लावलंय, ऑफ सांगून पाच सेकंद झाले तरी वॅट दिसत असतील तर भोंगा वाजतोय, मग हातानं एमसीबी पाडायचा. भोंगा अजून एकदाच वाजलाय, तो पण मी टेस्ट करताना, अन् अण्णा पूजेवरनं उठून आले की काय झालं रे.

कूलरचं ऐका, उन्हाळ्यात कामाला येईल. आमच्याकडं दोन कूलर. एक जुना लोखंडी, वाळ्याच्या जाळीचा, गोल खटका फिरवायचा. दुसरा नवीन, टच बटणाचा, दिसायला झकास. स्मार्ट प्लगवर जुनाच चालतो! खटका चालू ठेवून प्लगनं करंट दिला की पंखा फिरला. नवीन कूलरला करंट दिला की तो नुसता एक टूं करून स्टँडबायला जाऊन बसतोय, त्याला परत बटण दाबायला माणूस पाहिजे. म्हणून काही पण घ्यायच्या आधी हे बघा, चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा, परत लावा, आपोआप सुरू झालं तर प्लगवर चालणार, नाहीतर पैसे पाण्यात.

वरच्या खोलीतल्या एसीला आयआर ब्लास्टर आहे, बरा चालतो. एसीचा रिमोट प्रत्येक दाबाला टेंपरेचर, मोड, पंखा सगळं एकदम पाठवतो त्यामुळं गोंधळ कमी, टीव्हीला ऑनऑफ एकच बटण त्यामुळं चालू आहे का बंद ते ब्लास्टरला कळतच नाही, ते आंधळंच असतंय, सांगून मोकळं. एसी पण मग मीटर लावूनच ओळखायला शिकवला.

गिझरनं मात्र मन जिंकलं. दोन हजार वॅटचा गिझर सोळा अँपिअरच्या प्लगवर, थर्मोस्टॅटनं कट केला की वॅट शून्य, म्हणजे पाणी तापलं, की स्वयंपाकघरातला बल्ब दोनदा लुकलुकतो. लेकरांच्या शाळेच्या गडबडीत ह्याच्याएवढी कामाची गोष्ट दुसरी नाही, आईनं पण कबूल केलं, अन् आई सहजासहजी काही कबूल करत नसती.

आता मे महिन्याच्या शिव्या. लाईट दिवसातनं चारदा जायची अन् इन्व्हर्टर चेंजओव्हर व्हायच्या झटक्यात मिनी पीसी बंद पडायचा, लाईट आली तरी आपण होऊन उठायचा नाही. बायोसमध्ये (पीसीच्या मुळातल्या सेटिंगमध्ये) 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' ऑन करायचं राहिलंतं, माझीच चूक. त्यातनं सुटलो तर एका रात्री तीनला लाईट आली अन् घरातले सगळे स्मार्ट बल्ब एकदम फुल. अण्णा काठी घेऊन दारात. बल्बला अन् प्लगला 'पॉवर ऑन बिहेवियर' म्हणून सेटिंग असतंय, लाईट आल्यावर चालू व्हायचं, बंद राहायचं का आधीसारखं, ते बल्बला 'आधीसारखं' ठेवा अन् मोटरला गिझरला 'बंद'च.

तक्रार म्हणाल तर ह्याला वेळ लई द्यावा लागतोय. दर महिन्याला नवीन व्हर्जन येतं, त्यात काय बदललं ते वाचून, बॅकअप घेऊन मगच अपडेट करायचं, आलं की दाबलं असं नाही. बायको म्हणते काय सारखं बघायलास त्या डब्यात. ज्याला हौस नाही त्यानं ऑक्टोबर २०२२ ला आलेलं मॅटर नावाचं स्टँडर्ड लिहिलेलेच प्लग बल्ब घ्यावेत, मॅटर चालणाऱ्या कुठल्या पण कंपनीच्या हबला जोडता येतात अन् घरातल्या घरात बोलतात. मी एक आणून बघितला, क्यूआर कोड मारला की दोन मिनिटात जोडला गेला, तेवढ्या वेळात माझा झिगबीचा डोंगल अजून डबीतनं पण निघाला नसता.

सगळा खर्च मोटरच्या कामासकट एकोणीस हजाराच्या आसपास गेला, होम असिस्टंटला पाचपैकी साडेचार स्टार देईन. शेतातल्या बोअरच्या स्टार्टरला अजून हात लावला नाही. तिथं थ्री फेज आहे अन् वायफाय पोचत नाही, मिस्त्रीला विचारलं तर म्हणला येळवस (वेळा अमावस्या) होऊ द्या, मग बघू.