वीमवर एक्सचेंजचा बॅकअप, आठ महिन्यांनंतर

भोसरीतल्या एका कारखान्याचं आयटी मी एकटाच बघतो, साठेक मेलबॉक्स, एक्सचेंज २०१९ (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर). वीम हे बॅकअपचं सॉफ्टवेअर लावायच्या आधी रोज रात्री अख्खं व्हीएम (एक्सचेंज चालतं ते व्हर्च्युअल मशीन) कॉपी करून नॅसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या स्टोरेजवर, टाकायचो आणि निवांत झोपायचो. पण नुसत्या कॉपीने एक्सचेंजला कळतच नाही ना बॅकअप झालाय ते, मग ते लॉग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद) पुसत नाही, १-१ एमबीच्या फायली साठत जातात साठत जातात आणि एका सोमवारी सकाळी ड्राइव्ह फुल, डेटाबेस डिसमाउंट म्हणजे मेल बंद, साहेबांचा फोन. नशीब, समोरचे सर्व्हर परत परत पाठवत राहतात म्हणून बरेचसे मेल दुपारी आपोआप आले.

वीममध्ये 'ॲप्लिकेशन अवेअर'ची टिक केली की बॅकअप झाल्याचं एक्सचेंजला कळतं आणि मग लॉग साफ होतात. मी शहाणा, पहिले दहा दिवस ती केलीच नव्हती! बॅकअपचा जॉब रोज हिरवा, म्हणजे यशस्वी, आणि इकडे लॉगचा फोल्डर फुगतोय.

खरी परीक्षा परचेसच्या मॅडमनी घेतली. कोटेशनचा फोल्डर शिफ्ट-डिलीट केला आणि सांगितलं तीन आठवड्यांनी, "अरे माझा एक फोल्डर दिसत नाहीये, बघ ना जरा." डिलीट केलेलं एक्सचेंज मूळ सेटिंगला १४ दिवसच ठेवतं, म्हणजे तो रस्ता बंद. मग महिन्यापूर्वीचा बॅकअप वीमच्या एक्स्प्लोररमध्ये उघडला, तो ईडीबी (एक्सचेंजची डेटाबेस फाइल) बॅकअपमधूनच वाचतो, सगळा सर्व्हर रिस्टोर करायची भानगड नाही. वीस मिनिटांत फोल्डर जागेवर, त्यातली दहा तर परमिशन देण्यात गेली. पीएसटी (आउटलुकमध्ये उघडणारी मेलची फाइल) काढायची असेल तर त्या मशीनवर ६४ बिट आउटलुक लागतं, आधीच टाकून ठेवा, मी ऐनवेळी इन्स्टॉल करत बसलो होतो.

इन्स्टंट रिकव्हरीपण एका शनिवारी वेगळ्या नेटवर्कवर करून बघितली, यात व्हीएम थेट बॅकअपवरूनच चालू होतं. सोबत डोमेन कंट्रोलर (युजर आणि लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) उठवावा लागतो, त्याशिवाय एक्सचेंज हलत नाही. लॉगिन स्क्रीन पाचेक मिनिटांत आली, पण आमच्या नॅसमधल्या डिस्क जुन्या, वेबमेल असं रांगत होतं की विचारू नका. अडल्यावेळी चालेल, पण साठ जणांनी दिवसभर त्यावर काम करणं अवघडच.

२०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, अपग्रेड करायचंच आहे, तर त्यासोबत नवीन नॅसचं कोटेशनपण दिलंय. साहेबांच्या टेबलावर आहे, सध्या त्यावर चहाचा कप ठेवतात.