ब्लॉग की पॉडकास्ट: आधी काय सुरू करावं?

लिहायला आवडतं म्हणून ब्लॉग आणि बोलायला आवडतं म्हणून पॉडकास्ट, असं ठरवू नका. व्यवसाय उभा करायचा असेल तर आधी दोन गोष्टी पाहा. अनोळखी माणूस तुमच्यापर्यंत पोचणार कसा, आणि पोचल्यावर थांबणार का? दोन्ही माध्यमांत याची उत्तरं अगदी उलटी येतात.

ब्लॉगवर माणूस आपली अडचण घेऊन येतो. ‘छताला ओल का येते’ असं सर्च करतो, उत्तर वाचतो, निघून जातो. लेख कुणी लिहिला हे संध्याकाळपर्यंत विसरलेलाही असतो. पॉडकास्टमध्ये मुळात शिरकावच अवघड. ऑडिओत सांगितलेलं सर्च इंजिनला लेखाइतकं सहज सापडत नाही, आणि ॲपमधला शोध मुख्यतः शीर्षक व वर्णनावर चालतो. म्हणून ‘भाग १२: मनमोकळ्या गप्पा’ असं शीर्षक म्हणजे दुकान थाटून शटर खाली ठेवण्यासारखं. पण एकदा कुणी फॉलो केलं की पुढचा भाग आपणहून त्याच्यासमोर येतो आणि अर्धा अर्धा तास तुमचाच आवाज त्याच्या कानात असतो. इतका वेळ लेखाला क्वचितच मिळतो.

आता मेहनत. ‘बोलणं सोपं’ हा गैरसमज इथेच मोडतो. मिनिटाला साधारण १३० शब्द धरले तर ३० मिनिटांत जवळपास ४,००० शब्द होतात. तेवढा मजकूर डोक्यात तयार हवा. शिवाय एका मिनिटाच्या ऑडिओला संपादनाची निदान तीन मिनिटं धरा. लेख तुकड्यातुकड्यांत लिहिता येतो, चूक सापडली तर दोन मिनिटांत दुरुस्त होते. पॉडकास्टची फाइल बदलता येते, पण ज्यांनी आधी डाउनलोड केली त्यांच्याकडे चूक तशीच राहते. दर, नियम, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या असा सतत बदलणारा विषय असेल, तर ब्लॉगच बरा.

पॉडकास्ट बिघडतो तो बहुधा माइकमुळे नाही, खोलीमुळे. पंख्याची घरघर नंतर बरीच कमी करता येते. उघड्या भिंतींवर आपटून आलेला घुमारा मात्र आवाजातच मिसळलेला असतो, तो स्वच्छ निघत नाही. साध्या खोलीत कंडेन्सर माइक (बारीक आवाजही पकडणारा) हा घुमाराही इमानेइतबारे टिपतो. डायनॅमिक माइक (मुख्यतः जवळचाच आवाज टिपणारा) घ्या, तोंडापासून १० ते १५ सेंटिमीटरवर आणि किंचित तिरका ठेवा. प, फ, ब, भ उच्चारताना सुटणारा हवेचा झोत थेट माइकवर आदळला की ‘फट्ट’ होतं. पाहुणा असेल तर दोघांचे ट्रॅक (आवाजाच्या फाइल) वेगळे आणि दोघांच्याही कानात इअरफोन. शेवटी आवाजाची पातळी उणे १६ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो, ते मोजण्याचं एकक) आणा. ॲपल पॉडकास्ट्सची शिफारस हीच आहे. निव्वळ बोलणं असेल तर ९६ केबीपीएस (सेकंदाला ९६ किलोबिट) मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची, एमपी३ पुरते, ३० मिनिटांची फाइल साधारण २२ एमबी होते. ॲपमध्ये दिसणारं पॉडकास्टचं मुखपृष्ठ चौरस हवं, बाजू १४०० ते ३००० पिक्सेल.

ब्लॉगची तांत्रिक बाजू सोपी आहे, पण मराठीत एक खास खोच आहे. लेखाच्या वेब पत्त्यात (लिंकमध्ये) शीर्षकातलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, मात्रासुद्धा, नऊ रोमन चिन्हांत बदलतं. वर्डप्रेस या ब्लॉगच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्त्यातल्या या शीर्षकाच्या भागाची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे जेमतेम २२ देवनागरी चिन्हं. लांब शीर्षकाचा पत्ता मध्येच तुटतो आणि शेअर केल्यावर टक्क्यांच्या खुणांची माळ दिसते. प्रकाशित करण्याआधीच छोटा रोमन पत्ता हाताने लिहा. नंतर बदललात तर जुन्या पत्त्यावरून ३०१ रीडायरेक्ट, म्हणजे नव्या पत्त्याकडे कायमचं वळण, द्यावं लागतं.

आकड्यांच्या बाबतीत ब्लॉग पुष्कळ पुढे आहे. गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात कोणत्या शब्दांनी लेख दिसला, कितव्या क्रमांकावर, किती क्लिक झाले हे कळतं. आठव्या ते पंधराव्या क्रमांकावर अडकलेले लेख सुधारणं हे नवे लेख लिहिण्यापेक्षा अनेकदा फायद्याचं ठरतं. पॉडकास्टचं ‘डाउनलोड’ फसवं असतं. आपोआप उतरलेला, कधीच न ऐकलेला भागही त्यात मोजला जाऊ शकतो. त्यापेक्षा श्रोते कुठवर ऐकतात, तो ॲपमधला आलेख पाहा. पहिल्या दोन मिनिटांत गळती असेल तर प्रस्तावना कापा.

पैशाचं गणितही याच फरकातून निघतं. जाहिरातीचा दर हजार श्रोत्यांमागे ठरतो, त्यामुळे भागाला ३०० श्रोते असताना जाहिरातदारामागे धावणं व्यर्थ. पण तेच ३०० जण सल्ला, अभ्यासक्रम किंवा सेवा घेण्याइतका विश्वास टाकू शकतात. ब्लॉगवर कमाई होते ती निवड करायला आलेल्या वाचकाकडून, म्हणजे तुलना आणि ‘कसं निवडावं’ अशा लेखांतून. ‘अमुक म्हणजे काय’ या प्रश्नाचं उत्तर आता सर्चच्या पानावरच मिळून जातं, त्यावर फार मजकूर खर्च करू नका.

दोन्हीकडून माणसं ईमेल यादीत आणायची आहेत, कारण ती यादी तुमच्या मालकीची असते. वाचक लिंकवर टॅप करतो. श्रोत्याचे हात मात्र भांड्यांत नाहीतर स्टिअरिंगवर असतात, म्हणून त्याला ऐकून लक्षात राहील असा छोटा पत्ता सांगा, आणि भागात एकच. पॉडकास्ट होस्ट (भाग साठवून ॲपपर्यंत पोचवणारी सेवा) निवडताना, तुम्ही सोडून गेलात तर तो फीडला (ॲप जिथून नवे भाग घेतात तो पत्ता) ३०१ रीडायरेक्ट देतो का, हे आधी विचारा. देत नसेल तर जुने श्रोते मागेच राहतील. मिळालं तर ते निदान चार आठवडे चालू ठेवा.

आठवड्याला पाच-सहा तास आणि ओळख शून्य, अशी स्थिती असेल तर आधी ब्लॉग. वीस-पंचवीस लेख आणि यादी जमली की वाचक ईमेलमधून जे विचारतात तेच पॉडकास्टचे विषय. दोन्ही एकाच महिन्यात सुरू केलेत तर दोन्ही अर्धवट राहण्याची शक्यता जास्त. अपवाद एक: महागडी सेवा मोजक्याच ग्राहकांना विकायची असेल, तर मुलाखतींचा पॉडकास्ट आधी. ज्यांना ग्राहक करायचं त्यांनाच पाहुणे म्हणून बोलवा. मग श्रोते पन्नासच असले तरी चालतं.